वंशावळ एक सांगते, वाय गुणसूत्र दुसरंच

आपल्याकडची छापील वंशावळ उघडली की सगळ्यात वर एक मूळ पुरुष असतो. त्याच्याखाली मुलगे, त्यांच्याखाली त्यांचे मुलगे. लेकी लग्न होऊन गेल्या की कागदावरूनही जातात. कुलवृत्तांतात, गावोगाव फिरून वंशावळी सांगणाऱ्या हेळव्यांच्या पोथ्यांत, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत, वतनाच्या तंट्यासाठी काढलेल्या कुर्सीनाम्यात सगळीकडे हाच आकार दिसतो. वाय-डीएनए चाचणीही नेमकी याच आकाराची आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, मुलीकडे जात नाही. त्यामुळे घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांना ही चाचणी फार जवळची वाटते, आणि तिचं उत्तर अनपेक्षित आलं की तितकंच जिव्हारी लागतं.

दोन्ही वंशावळी एकाच ओळीच्या असल्या तरी त्यांत नोंदलं जातं ते वेगळं. माणसांनी लिहिलेली वंशावळ हक्क नोंदते: आडनाव, गोत्र, वतन, पिंड देण्याचा अधिकार. वाय गुणसूत्रात कोण कोणाच्या पोटचा एवढंच असतं, तेही फक्त पुरुषांपुरतं. बहुतेक घरांत या दोन नोंदी जुळतात. जिथे जुळत नाहीत तिथे लगेच कोणाच्या तरी चारित्र्याबद्दल कुजबूज सुरू होते, आणि बहुतेक वेळा ती अज्ञानातून होते. हा लेख त्यासाठी लिहितो आहे. विचित्र दिसणारा अहवाल अनेक प्रकारचा असू शकतो, आणि आपल्या हातातला कोणत्या प्रकारचा आहे हे ठरवल्याशिवाय त्याचा अर्थ लावता येत नाही.

पोथीच्या नकला

वाय गुणसूत्र सुमारे ६ कोटी २० लाख रासायनिक अक्षरांचं आहे. त्याचं अथपासून इतिपर्यंत वाचन २०२३ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालं. पिढीमागून पिढी या मजकुराची नक्कल होते आणि नक्कल करताना अधूनमधून चूक राहते. शोधाचा सगळा आधार या चुकाच आहेत.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. तिथल्या पंडितांनी देशभरातून आलेली हस्तलिखितं शेजारी शेजारी ठेवून पाठभेद तपासले. ज्या पोथ्यांत एकच वेगळा पाठ आढळतो त्या बहुधा एकाच जुन्या पोथीवरून उतरलेल्या, या तत्त्वावर पोथ्यांची घराणी ठरवता येतात. वाय गुणसूत्राचा वंशवृक्ष याच रीतीनं बांधला आहे. कुठल्या तरी पुरुषात एक अक्षर बदललं की ते त्याच्या मुलांत, नातवांत, पणतूंत तसंच उतरतं. अशा एकाक्षरी बदलाला एसएनपी म्हणतात, बोलताना ‘स्निप’. स्निपवरून शाखा ठरते, आणि मोठ्या शाखेला हॅप्लोग्रुप हे नाव आहे: आर१ए, एच, जे२, एल वगैरे.

दुसऱ्या प्रकारची चूक मोजणीतली असते. गुणसूत्रात काही ठिकाणी चारपाच अक्षरांचा एकच तुकडा ओळीनं दहा-पंधरा वेळा येतो. जपमाळ ओढताना एखादा मणी जास्त ओढला जावा तसा नकलेत तेराचा चौदा होतो किंवा बाराच राहतो. या जागांना एसटीआर मार्कर म्हणतात. अहवालात डीवायएस३९३ पुढे १३ असा आकडा दिसतो तो या आवर्तनांचा. सरासरी धरली तर एका मार्करमध्ये असा बदल साधारण पाचशे पिढ्यांत एकदा होतो. एक मार्कर पाहिला तर फार थोडं कळतं, पण ३७ किंवा १११ मार्कर एकत्र पाहिले की चुलत घराण्यांमधलं अंतर अंदाजानं मोजता येतं. ३७ पैकी एकदोन मार्करचा फरक भावकीत असतोच. फरक पंधरा-वीस मार्करचा असेल तर तो ऐतिहासिक काळातला राहत नाही, फार मागे जातो.

जुन्या शाखा स्निपवरून कळतात, जवळचं नातं एसटीआरवरून. स्वस्त चाचणीत फक्त एसटीआर मोजलेले असतात आणि त्यावरून हॅप्लोग्रुपचा अंदाज बांधलेला असतो. म्हणून अहवाल हातात आल्यावर पहिल्यांदा हे पाहायचं की हॅप्लोग्रुप ‘अंदाजित’ आहे की स्निप तपासून ‘निश्चित’ केलेला. अंदाज बहुधा बरोबर येतो, पण ज्याच्या आकड्यांसारखे आकडे नमुनासाठ्यात फारसे नाहीत त्याच्या बाबतीत तो चुकू शकतो.

नावांचाही गोंधळ असतो. शाखांची नावं संशोधन पुढे सरकलं तशी बदलत गेली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या घराण्याची शाखा आधी के२ म्हणून ओळखली जाई, आता तीच टी आहे. एका भावाचा जुना अहवाल आणि दुसऱ्याचा नवा अहवाल वेगळी अक्षरं दाखवत असतील तर काळजी करण्याआधी दोन्ही नावं एकाच शाखेची आहेत का हे तपासावं.

गाळलेला मार्कर, जास्तीचा मार्कर

काही अहवालांत एखाद्या मार्करपुढे शून्य किंवा रेघ असते. याचा अर्थ ती जागा शरीरात नाहीच असा असेलच असं नाही. प्रयोगशाळा मार्कर वाचण्यासाठी त्याच्या शेजारच्या ओळखीच्या मजकुरावर बोट ठेवते आणि तिथून पुढे वाचते. त्या शेजारच्या मजकुरातच एक अक्षर बदललेलं असलं तर बोट ठेवायची जागा सापडत नाही आणि मार्कर गायब दिसतो. पश्चिम युरोपातल्या एका शाखेत डीवायएस४३९ हा मार्कर असाच हरवतो, आणि त्या शाखेच्या लोकांना हे व्यंग फायद्याचं ठरलं आहे: शून्य दिसलं की आपली शाखा कोणती ते त्यांना लगेच कळतं.

कधी मात्र गुणसूत्राचा तुकडा खरोखरच गळालेला असतो. गुन्ह्याच्या तपासात रक्ताचा डाग पुरुषाचा की स्त्रीचा हे ठरवायला अमेलोजेनिन नावाचं जनुक वापरतात. २००२ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या संशोधकांनी २७० भारतीय पुरुष तपासले, तर त्यांतल्या पाच जणांत या जनुकाची वाय गुणसूत्रावरची प्रत नव्हती. चाचणीनं त्यांना स्त्री ठरवलं असतं. ते धडधाकट पुरुष होते. भारतीय उपखंडात हा प्रकार इतर अनेक ठिकाणांपेक्षा जास्त आढळतो, त्यामुळे भारतीय माणसाच्या अहवालात त्या भागातले शेजारशेजारचे मार्कर एकदम कोरे दिसले तर ही शक्यता आधी ध्यानात घ्यावी.

डीवायएस४६४ या मार्करच्या सहसा चार प्रती असतात. त्या सगळ्याच गायब असतील तर मात्र गोष्ट वेगळी आहे. तो भाग शुक्रजंतू तयार होण्याशी संबंधित आहे, आणि तिथला मोठा तुकडा नसणं हे पुरुषाच्या वंध्यत्वाचं एक माहीत असलेलं कारण आहे. पूर्वजांचा शोध घेणाऱ्या तरुणाच्या हाती अचानक आरोग्याची नाजूक माहिती येते ती अशी. त्याचा अर्थ गप्पांच्या गटात विचारू नये, डॉक्टरला विचारावा.

याच भागात आणखी एक गंमत आहे, आणि मला ती वाय गुणसूत्राची सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. इतर गुणसूत्रं जोडीनं असतात, एकात बिघाड झाला तर जोडीदाराकडे पाहून दुरुस्ती होते. वायला त्याच्यासारखा जोडीदार नाही. म्हणून त्यानं आपल्या मजकुराचे काही भाग उलटसुलट लिहून ठेवले आहेत, ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य डावीकडून आणि उजवीकडून सारखंच वाचता यावं तसे. असे आठ मोठे विलोम त्याच्यात आहेत, आणि एका अंगाला चूक झाली की दुसऱ्या अंगावरून ती दुरुस्त होऊ शकते. पण दुरुस्ती करताना एका प्रतीचे आकडे दुसऱ्या प्रतीवर उतरतात. अहवालात ११-१४ असायला हवं तिथे १४-१४ दिसतं, आणि शेजारच्या दोनतीन मार्करमध्येही असेच जोडआकडे येतात. संगणक हे चारपाच वेगळे बदल धरतो आणि सख्ख्या चुलतभावाला दूरचा ठरवतो. खरं पाहता ती एका पिढीत घडलेली एकच घटना असते. फरक फक्त जोडीनं किंवा चौकडीनं येणाऱ्या मार्करमध्येच आहे आणि बाकीचे सगळे जुळतात, असं दिसलं तर नातं तुटलं असं समजू नका.

आणि एक अगदी साधी गोष्ट, जी विचारायची राहून जाते: नमुना देणाऱ्याला कधी दुसऱ्याची अस्थिमज्जा दिली गेली आहे का? रक्ताच्या कर्करोगावर असा उपचार झाला असेल तर रक्तात आणि लाळेत दात्याच्या पेशी असतात. अहवाल मग दात्याच्या घराण्याचा येतो.

दुर्मीळ शाखा निघाली तर

दक्षिण कॅरोलायनातल्या एका आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबाची गोष्ट या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. त्यांचा ज्ञात पूर्वज अल्बर्ट पेरी गुलामगिरीत जन्मला होता. त्याच्या वंशातल्या एका पुरुषाचा नमुना पूर्वजांच्या शोधासाठी दिला गेला, तेव्हा तो त्या वेळच्या वंशवृक्षाच्या कुठल्याच फांदीवर बसेना. मार्कर चुकीचे वाचले असतील, नमुना बिघडला असेल, अशा शक्यता मनात येणं साहजिक होतं. पण २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा की ही फांदी तोवरच्या सगळ्या फांद्यांच्याही खाली, मुळाजवळ फुटलेली आहे. तिला ए०० हे नाव मिळालं. तिचं वय ३ लाख ३८ हजार वर्षं सांगितलं गेलं, आणि नंतरच्या संशोधकांनी हा आकडा बराच खाली आणला. पश्चिम कॅमेरूनमधल्या म्बो समाजातल्या ११ पुरुषांतही हीच शाखा आढळली. घराण्याचा शोध घेणाऱ्या एका कुटुंबामुळे माणसाच्या वंशवृक्षाचं मूळ नव्यानं काढावं लागलं.

दुसरं उदाहरण इंग्लंडमधलं. लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००७ साली यॉर्कशरमधलं एक दुर्मीळ आडनाव असलेल्या गोऱ्या इंग्रज माणसात ए१ ही शाखा सापडल्याचं लिहिलं. ही शाखा पश्चिम आफ्रिकेत आढळते, तीही क्वचित. त्याच आडनावाच्या आणखी पुरुषांना तपासलं, तर १८ पैकी सात जणांत ती निघाली. कागदपत्रांवरून त्यांची दोन घराणी अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे गेली, आणि दोन्हींना जोडणारा पुरुष त्याहून आधीचा. म्हणजे किमान दोनशे वर्षांहून अधिक काळ आफ्रिकेतून आलेली एक पुरुष-ओळ यॉर्कशरमध्ये नांदत होती, आणि त्यांतल्या कोणाच्या चेहऱ्यावर वा आठवणीत तिचा मागमूस नव्हता.

हे कसं शक्य आहे ते पाहा. दहा पिढ्या मागे गेलं की आपल्याला १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात. वाय गुणसूत्र त्यांतल्या फक्त एका जागेवरून येतं. उरलेल्या १,०२३ पूर्वजांबद्दल ते चकार शब्द काढत नाही. ‘मी आफ्रिकन निघालो’, ‘आम्ही इराणी निघालो’ असं वाय अहवालावरून म्हणणं हे चुकीचं आहे. एक ओळ तिकडून आली, एवढंच खरं.

आपल्याकडे याचा दुरुपयोग जास्त वाईट वळण घेतो. हॅप्लोग्रुप म्हणजे जात नव्हे, धर्म नव्हे, आणि ‘शुद्धते’चं प्रमाणपत्र तर मुळीच नव्हे. आर१ए ही शाखा मिरवणारे लोक मी पाहतो. तीच शाखा चेंचू या आदिवासी समाजातही मोठ्या प्रमाणात आढळलेली आहे. जे२ निघाली म्हणून एखाद्या कोकणी घराण्यानं आपण मूळचे ज्यू किंवा अरब असं समजू नये. ती शाखा भारतात अनेक जातीजमातींत पसरलेली आहे. अलिबाग-रोह्याच्या परिसरातल्या बेने इस्राएल समाजाच्या बाबतीत २०१६ साली ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वारशांचा पुरावा मिळाला, पण तो संपूर्ण जनुकसंच तपासून मिळाला, एका अक्षरावरून नाही. शाखा विचित्र वाटली तर पुढची बारीक उपशाखा तपासावी लागते. वरचं अक्षर दहा-वीस हजार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतं, आणि घराण्याच्या इतिहासाला तिचा काही उपयोग नसतो.

राजामहाराजांचे वंशज ठरवणाऱ्या दाव्यांबद्दलही तेच. २००३ साली आशियातल्या १६ समाजांतल्या सुमारे आठ टक्के पुरुषांत एकमेकांशी फार जवळची गुणसूत्रं आढळली आणि त्यांचा संबंध चंगीझ खानाशी जोडला गेला. चंगीझ खानाचे अवशेष कोणाकडेही नाहीत, तपासायचं कशाशी? नंतरच्या अभ्यासांनी ही शाखा त्याच्याहून बरीच जुनी असल्याचं दाखवलं.

एकही जुळणी नाही, किंवा शेकडो

भारतीय माणसाला अहवालासोबत बहुधा रिकामी यादी मिळते. निराश होऊ नये. मोठ्या कंपन्यांच्या नमुनासाठ्यात अमेरिका आणि युरोपातल्या लोकांचाच भरणा आहे, आणि आपली भावकी तिथे आलेलीच नाही. उलट पश्चिम युरोपातल्या एखाद्याला बारा मार्करवर शेकडो तंतोतंत जुळण्या दिसतात, सगळी आडनावं वेगळी. एकाच मोठ्या शाखेत कोट्यवधी पुरुष असले की थोडे आकडे योगायोगानं जुळतातच. मार्कर वाढवले की ही गर्दी विरते.

भावकीशी जुळलं नाही तेव्हा

आता खरा दुखरा भाग. वंशावळीनुसार दोघे एकाच मूळ पुरुषाचे वंशज, चाचणी चांगल्या प्रतीची, आणि दोघांच्या शाखाच वेगळ्या.

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ साली लढाईत मारला गेला. २०१२ साली लेस्टरमधल्या एका वाहनतळाखाली त्याचा सांगाडा सापडला. तो त्याचाच, हे त्याच्या बहिणीच्या मुलींच्या ओळीतून आलेल्या दोन जिवंत नातलगांच्या मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे आईकडून उतरणाऱ्या, डीएनएवरून पक्कं करायला मदत झाली. पुरुष-ओळीची पडताळणी करायला पाचवा ड्यूक ऑफ ब्यूफर्ट याचे पाच जिवंत वंशज तपासले. कागदोपत्री हे ड्यूक आणि रिचर्ड दोघेही राजा तिसरा एडवर्ड याच्या वंशातले. २०१४ साली निकाल प्रसिद्ध झाला: रिचर्डचं गुणसूत्र जी शाखेचं, आणि पाचपैकी एकाचंही त्याच्याशी जुळत नव्हतं. पाचपैकी चार आपसांत जुळत होते, आर१बी शाखेचे. पाचवा त्या चौघांशीही जुळत नव्हता.

जगातल्या सगळ्यात बारकाईनं नोंदलेल्या वंशावळींपैकी ही एक. रिचर्डपासून वर एडवर्डपर्यंत चार दुवे, तिथून खाली पाचव्या ड्यूकपर्यंत पंधरा. या एकोणीस दुव्यांत कुठे तरी कागद आणि रक्त वेगळे झाले. कुठे, हे आजही माहीत नाही. पाचव्या वंशजाच्या बाबतीत मात्र तुटलेला दुवा गेल्या चार पिढ्यांतला, कारण उरलेले चौघे जुळत होते. एकाच अहवालात दोन तुटलेले दुवे, आणि दोन्हींच्या जागा वेगवेगळ्या नेमकेपणानं सांगता येतात. नेमकेपणा कशावर अवलंबून असतो? त्या ओळीतले आणखी किती जण तपासले आहेत यावर.

याच घराण्यात दोन पूर्वज उघडपणे अनौरस होते. पण अनौरस असण्यानं वाय-ओळ तुटत नाही. बाप कोण हे ठाऊक असेल तर लग्न झालेलं असो वा नसो, गुणसूत्र तेच येतं. लग्नाच्या नोंदी आणि गुणसूत्राच्या नोंदी वेगळ्या.

असं किती वेळा घडतं? बेल्जियमचे संशोधक मार्टेन लार्मूसो यांच्या गटानं बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या पुरुषांच्या ५१३ जोड्या तपासून २०१९ साली जो अंदाज दिला तो पिढीला एकदोन टक्क्यांच्या घरातला होता. शेतकरी आणि सुखवस्तू घरांत सुमारे एक टक्का किंवा त्याहून कमी, एकोणिसाव्या शतकातल्या शहरी गरिबांत सहा टक्क्यांच्या आसपास. तो सहाचा आकडा वाचताना मला गिरण्यांच्या शहरांत परक्या घरी राबणाऱ्या मुली आठवतात, आणि त्यांच्यापैकी किती जणींना नकार द्यायची सोय होती हा प्रश्न पडतो. हे युरोपातले आकडे आहेत, ते आपल्यावर तसेच चिकटवता येणार नाहीत. पण गणित समजायला उपयोगी आहेत. पिढीला एक टक्का धरला तर दहा पिढ्यांत कुठे तरी दुवा तुटलेला असण्याची शक्यता जवळजवळ दहा टक्के होते, एकोणीस दुव्यांत सुमारे सतरा टक्के. आठ-दहा पिढ्यांची वंशावळ असलेली शंभर घराणी घेतली तर त्यांतल्या काहींत हे निघणारच.

जुळणी झाली तरी तिचीही मर्यादा आहे. १९९८ साली जेफरसन यांच्या काकांच्या वंशजांचं गुणसूत्र सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीचा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी जुळलं. एस्टनचा बाप जेफरसन घराण्यातला पुरुष होता इतकं त्यातून सिद्ध झालं. थॉमसच की त्याचा भाऊ रँडॉल्फ, हे वाय गुणसूत्र सांगू शकत नाही, दोघांचं एकच होतं. थॉमस कोणत्या महिन्यांत घरी होता, सॅलीची मुलं केव्हा जन्मली, हे कागदांतून जोडल्यावर बहुतेक इतिहासकार थॉमसवर स्थिरावले.

दत्तक, आणि गावावरून आलेली आडनावं

आता आपल्या मुलखात या. दुवा तुटण्याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण वंशावळीतच उघड लिहिलेलं असतं, किंवा लिहायचं राहून गेलेलं असतं: दत्तक.

कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. नावाची ओळ भोसल्यांची, जन्माची ओळ घाटग्यांची. यात लपवण्यासारखं काही नव्हतं आणि नाही. त्याच्या नऊ वर्षं आधी, १८७५ साली, नाशिककडच्या कवळाण्याचे गोपाळराव बडोद्याला दत्तक जाऊन सयाजीराव झाले. ते मात्र गायकवाडांच्याच दूरच्या शाखेतले. म्हणजे वंशावळ खरी असेल तर इथे दत्तक होऊनही वाय-ओळ तीच राहायला हवी. जुन्या धर्मशास्त्रात दत्तक शक्यतो सपिंडातला, त्यातही पुतण्या घ्यावा असं म्हटलं आहे. सामान्य घरांतही हाच रिवाज होता. त्यामुळे आपल्याकडची कितीतरी दत्तकविधानं वाय चाचणीला दिसणारच नाहीत, आणि जिथे बहिणीचा किंवा मुलीचा मुलगा घेतला तिथे ओळ स्वच्छ तुटलेली दिसेल. चारपाच पिढ्यांपूर्वीचं दत्तक घरात कोणाला आठवत नाही. दत्तकपत्र मात्र जुन्या दस्तांत, वतनाच्या कागदांत सापडू शकतं. कुजबूज सुरू करण्याआधी तिथे शोधा.

आडनावांचंही तसंच. गावावरून पडलेलं ‘-कर’ आडनाव त्या गावातून बाहेर पडलेल्या कुठल्याही घराला लागतं. दोन पेणकर एकमेकांचे कोणी नसतील, हे अगदी नेहमीचं. उलट एकाच घराण्यातल्या एका भावाला कुलकर्णीपण मिळालं म्हणून तो कुलकर्णी झाला आणि दुसरा जुन्याच आडनावावर राहिला, हेही नेहमीचं. गोव्यात सोळाव्या शतकापासून धर्मांतरं झाली तशी पोर्तुगीज आडनावं आली. एका मूळ पुरुषाचे वंशज आज एकीकडे कामत आणि दुसरीकडे कुठलंसं पोर्तुगीज आडनाव लावणारे असू शकतात. म्हणून आडनाव वेगळं पण गुणसूत्र एक असं निघालं तर ती आपल्याकडे विचित्र गोष्टच नाही. आधी विचारावं, आडनाव केव्हा आणि कशावरून पडलं?

दुवा शोधायचा कसा

समजा १८२०च्या सुमारास जन्मलेला मूळ पुरुष राघो. त्याचे दोन मुलगे, थोरला बाळा आणि धाकटा सखा. आज बाळाच्या वंशातला एक आणि सखाच्या वंशातला एक असे दोघे तपासले आणि जुळले नाहीत. दुवा कोणाचा तुटला? सांगता येत नाही. दोनच माणसं तपासून कधीही सांगता येत नाही, आणि तरीही प्रत्येक घरात दोष धाकट्या पातीवर ढकलला जातो.

तिसरा माणूस घ्या. बाळाच्या दुसऱ्या नातवाच्या वंशातला. तो पहिल्याशी जुळला तर बाळाचं गुणसूत्र बहुतेक कळलं. आता सखाच्या बाजूला आणखी एक, शक्यतो पहिल्या सखावंशीयापासून जितका लांबचा तितका चांगला. तो बाळाच्या पातीशी जुळला तर सखाची पात शाबूत आहे, आणि तुटलेला दुवा पहिल्या सखावंशीयाच्या जवळच्या पिढ्यांत आहे. जुळला नाही आणि दोघे सखावंशीय आपसांत जुळले, तर दुवा सखाच्या किंवा बाळाच्या आसपासचा. तेव्हाही सखा दत्तक होता, की राघोच्या दोन बायकांपैकी एकीचा आधीचा मुलगा होता, की बाळाच दत्तक होता, हे गुणसूत्र सांगणार नाही. कागद सांगेल, नाही तर कोणीच नाही.

चारही नमुने मिळाल्यावर वाटलं तर संपूर्ण वाय वाचणारी महाग चाचणी दोघांची करावी. तिच्यात साधारण ८०-९० वर्षांत एक नवा स्निप हाती येतो, त्यामुळे फांद्या कोणत्या क्रमानं फुटल्या हे एसटीआरपेक्षा पुष्कळ नीट दिसतं. सुरुवातीलाच ती करण्यात पैसे घालू नका.

आणि नमुना मागण्याआधी बोला. काकांच्या हातात कापसाची काडी देऊन ‘गंमत म्हणून करा’ म्हणणं हे मला अप्रामाणिक वाटतं. त्यांना सांगायला हवं की यातून भावकीशी न जुळणारा निकाल येऊ शकतो, तसा आला तर तुम्हाला कळायला हवा की नको, आणि तुमच्या मुलांना? ऐंशीच्या घरातल्या माणसाला स्वतःच्या आईबद्दल असं काही कागदावर वाचायला लावायचं का, हा निर्णय त्याचा आहे. त्यानं ‘नको’ म्हटलं तर त्याच ओळीतला दुसरा कोणी शोधावा किंवा थांबावं.

निकाल आल्यावर जुनी वंशावळ फाडायची नसते. सखा राघोच्या घरात वाढला, त्याच्या नावानं जगला, त्याला पाणी दिलं, त्याची जमीन कसली. ती ओळ तशीच ठेवा. जिथे दुवा तुटला असं वाटतं तिथे तुटक रेघ काढा, कोणत्या चाचणीवरून, किती मार्कर, कोणत्या साली, हे शेजारी पेन्सिलीनं लिहा, आणि आणखी एक नमुना किंवा एखादं दत्तकपत्र हाती येईपर्यंत त्यावर शाई फिरवू नका.